सिस्टरांचं पत्र आणि ‘द वूंड इज फिल्ड’

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. स्टेशनातून बाहेर पडलं की कर्नाटकातून आलेले पेशंट, नातेवाईकांच्या हातात एक्सरेची ती मोठी पाकिटं, हे रोजचंच. मी इथे इंग्रजीचे क्लास घेते आणि गेली काही वर्षं माझ्याकडे येणाऱ्यांत नर्सच सगळ्यात जास्त आहेत, कारण इंग्लंडला नोकरीला जायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागते. हे प्रकरण त्यातल्याच एका सिस्टरांचं. त्या स्वतःच म्हणाल्या की मॅडम लिहा, कुणाला तरी उपयोग होईल, फक्त नाव नको. म्हणून इथे त्या नुसत्या सिस्टर.

जत तालुक्यातलं गाव, दहावीपर्यंत मराठी शाळा, मग जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, मग नऊ वर्षं ऑर्थो म्हणजे हाडांचा वॉर्ड. कामात इतक्या पक्क्या की नवे डॉक्टर त्यांना विचारून ड्रेसिंग करायचे. ओईटी एकदा देऊन झाली होती. ओईटी म्हणजे खास डॉक्टर, नर्स, फिजिओ अशा लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियात सुरू झाली, आता ब्रिटनचं नर्सिंग कौन्सिलही ती मानतं. ऐकणं, वाचणं, बोलणं यात 350 लागतात आणि लिहिण्यात 300. सिस्टरांना ऐकण्यात 370, वाचण्यात 360, बोलण्यात 330 आणि लिहिण्यात 280. म्हणजे दोन भाग सुटले, दोन अडकले, आणि परत द्यायची तर चारही परत द्यायचे. फी काही थोडी नसते, त्यात घरी सासरे आजारी, मुलगा सातवीत. पहिल्या दिवशी त्या माझ्यासमोर बसून म्हणाल्या, ‘मॅडम, माझं ग्रामर कच्चं आहे, पहिल्यापासून घ्या.’

मी म्हणलं आधी एक पत्र लिहा. लिहिण्याच्या पेपरात पेशंटची केस नोट्स देतात, पाच मिनिटं वाचायला आणि चाळीस मिनिटं लिहायला, आणि 180 ते 200 शब्दांत पुढच्या डॉक्टरला किंवा घरी येणाऱ्या नर्सला पत्र लिहायचं. मी दिलेली केस त्यांच्याच वॉर्डातली वाटावी अशी होती. 72 वर्षांच्या आजी, बाथरूममध्ये घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी ताप, आता घरी सोडायचंय.

पत्र आलं ते मी अजून जपून ठेवलंय. काळ बरोबर, ‘इज’ आणि ‘आर’ बरोबर, स्पेलिंग सुंदर, अक्षर तर मोत्यासारखं. आणि तरीही दर ओळीला काहीतरी खटकत होतं. ‘डॉक्टर डिड हर ऑपरेशन.’ ‘फीवर केम ऑन थर्ड डे.’ ‘हर स्टमक इज नॉट क्लीन सिन्स थ्री डेज.’ आणि शेवटून दुसरी ओळ, ‘नाऊ द वूंड इज फिल्ड.’

ही ओळ मी दोनदा वाचली. सिस्टरांना विचारलं की यात तुम्हाला काय म्हणायचंय, तर त्या माझ्याकडे बघत राहिल्या की यात न कळण्यासारखं काय आहे, जखम भरली ना मॅडम! बरोबरच आहे. मराठीत जखम भरते. खड्डा भरतो, पोट भरतं, दिवस भरतात, तशी जखमही भरते. पण इंग्रजीत ‘फिल’ आणि ‘वूंड’ यांचं असं नातं नाही, तिथे जखम ‘हील’ होते, ‘द वूंड इज हीलिंग वेल’. लंडनमधली नर्स ‘द वूंड इज फिल्ड’ वाचेल तर विचार करेल की कशाने भरलीय, पूने की पट्टीने? म्हणजे सिस्टरांना सांगायचं होतं जखम चांगली आहे आणि वाचणारीला शंका येणार की जखम बिघडली. ही ग्रामरची चूक नाहीच. प्रत्येक शब्द बरोबर, प्रत्येक शब्दाचा अर्थ बरोबर, फक्त हे दोन शब्द शेजारी बसणारे नाहीत.

याला कोलोकेशन म्हणतात, मी क्लासमध्ये शब्दांची जोडी म्हणते. आणि माझं ठाम मत झालंय की मराठी शाळेतून आलेल्या, चांगलं इंग्रजी वाचता येणाऱ्या माणसाची गाडी अडते ती ग्रामरवर कमी आणि इथे जास्त. पण आपण त्याला दरवेळी परत टेन्स शिकवायला बसतो, तो बिचारा तिसऱ्यांदा टेन्स शिकतो आणि तिसऱ्यांदा तिथेच अडकतो.

हे सिस्टरांना पटवायला मी मराठीच घेतली. ‘कडक’ हा एकच शब्द. कडक चहा, कडक ऊन, कडक शिस्त, कडक इस्त्री, कडक लाडू. आपल्याला एकच शब्द पुरतो, आणि इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’, ऊन ‘स्कॉर्चिंग’, शिस्त ‘स्ट्रिक्ट’, इस्त्री ‘क्रिस्प’ आणि लाडू ‘हार्ड’. उलट बाजूने ‘हेवी’ बघा. हेवी रेन, हेवी स्मोकर, हेवी ब्लीडिंग, हेवी स्लीपर. आपण यातलं काहीच ‘जड’ म्हणत नाही, पाऊस मुसळधार असतो, झोप गाढ असते, रक्त अंगावरून जास्त जातं. आणि गंमत अशी की ताप मात्र ‘हेवी’ नसतो, तो ‘हाय’ असतो. का, तर उत्तर नाही. तसं म्हणतात म्हणून. आपण तरी गप्पा का ‘मारतो’, हाक का ‘मारतो’, दांडी का ‘मारतो’? कुणालाच मारत नाही. पण ‘गप्पा केल्या’ असं कुणी म्हणलं की आपल्याला लगेच कळतं हा माणूस बाहेरचा.

सिस्टर ऐकत होत्या, मान हलवत होत्या, पण खरं सांगायचं तर अजून आत गेलं नव्हतं. गेलं ते त्यांच्याच एका आठवणीने. त्या एकदम म्हणाल्या, ‘म्हणजे ते औषध प्याला सारखं का?’

त्यांनी सांगितलेलं असं. सुरुवातीच्या वर्षात त्यांची कॅज्युअल्टीला ड्युटी होती. रात्री जीपमधून एकाला आणलं, बरोबरचा माणूस ओरडतोय, ‘औषध प्यालाय, औषध प्यालाय.’ ड्युटीवरचे डॉक्टर दुसऱ्या राज्यातले, मराठी नुकतंच शिकत होते, त्यांनी शांतपणे विचारलं, कुठलं औषध, कुणी लिहून दिलेलं? आणि सिस्टर तोपर्यंत पोट धुवायच्या तयारीला लागल्या होत्या. आपल्याकडे गावात औषध ‘घेतलं’ म्हणजे गोळी घेतली, आणि औषध ‘प्यालं’ म्हणजे फवारणीचं विष. शब्द तोच, औषध. शेजारचं क्रियापद बदललं आणि एकीकडे घरी जायचं, दुसरीकडे जीव वाचवायची पळापळ. डॉक्टरांना औषध माहीत होतं, पिणं माहीत होतं, जोडी माहीत नव्हती.

यानंतर मला फार काही समजवावं लागलंच नाही. इतक्या वर्षांत कोलोकेशनचं याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला कुणी दिलेलं नाही आणि ते ज्यांनी दिलं त्या स्वतःला इंग्रजीत कच्च्या समजत होत्या.

इंग्रजीत हे सूत्र मांडलं जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने, 1957 साली, की शब्द ओळखायचा तर तो कुणाच्या संगतीत असतो ते बघा. हा माणूस लंडनला प्राध्यापक व्हायच्या आधी 1919 ते 1928 लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होता हे मला फार जवळचं वाटतं, कारण आपल्याकडच्या पोरांचं इंग्रजी त्याने रोज ऐकलं असणार. आणि त्याच्याही आधी, 1933 मध्ये, हॅरल्ड पामर यांनी टोकियोत बसून इंग्रजीतल्या अशा जोड्यांचा मोठा रिपोर्ट काढला होता, जपानी विद्यार्थ्यांसाठी. म्हणजे आपली अडचण नवी नाही आणि आपली एकट्याचीही नाही, जो कोणी बाहेरून इंग्रजीत शिरतो त्याला हाच उंबरा लागतो.

आता प्रत्यक्ष काय केलं ते सांगते, कारण प्रकरणातला कामाचा भाग तोच.

सुरुवातीला मी चूक केली. बाजारात जशा याद्या मिळतात तशी यादी दिली, ‘मेक’ बरोबर काय काय, ‘डू’ बरोबर काय काय, ‘टेक’ बरोबर काय काय. मेक अ मिस्टेक, डू होमवर्क, टेक अ फोटो. सिस्टरांनी दोन आठवड्यांत पाठ केली, विचारलं की सांगायच्या, आणि पत्रात परत ‘डिड हर ऑपरेशन’. कारण पत्र लिहिताना डोक्यात ‘मेक’ची यादी येतच नाही, डोक्यात पेशंट येतो, तो पडलाय, त्याला उचललंय, त्याचं ऑपरेशन झालंय. यादी क्रियापदाच्या दारातून आत जाते आणि माणूस कामाच्या दारातून येतो, दोघांची गाठच पडत नाही.

मग यादी फाडली आणि दोनशे पानी वही आणली. एक पान एक काम. पहिलं पान ‘पडणं’, दुसरं ‘ऑपरेशन’, तिसरं ‘जखम’, मग ‘ताप’, ‘पोट’, ‘दुखणं’, ‘गोळ्या’, ‘चालणं’, ‘घरी सोडणं’. प्रत्येक पानावर आधी मराठीत जे तोंडात येतं ते लिहायचं, जसंच्या तसं, आणि त्याच्यासमोर इंग्रजी जोडी, पूर्ण वाक्यात. नुसता शब्द लिहायचा नाही हा एकच नियम मी कडक पाळला.

‘पडणं’ पानावर ‘बाथरूममध्ये घसरून पडल्या’ समोर ‘शी हॅड अ फॉल’. मोडलं समोर ‘सस्टेन्ड अ फ्रॅक्चर’. ‘ऑपरेशन’ पानावर एक मोठी गोष्ट सापडली. मराठीत डॉक्टर ऑपरेशन करतो आणि पेशंटही म्हणतो मी ऑपरेशन केलं, म्हणजे करून घेतलं, पण आपण ‘करून घेतलं’ बऱ्याचदा म्हणतच नाही, ‘मी गुडघ्याचं ऑपरेशन केलंय’ असं सरळ सांगतो आणि ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत हे तसं नेलं की पेशंटच सर्जन होतो. तिथे डॉक्टर ‘परफॉर्म’ करतो किंवा ‘कॅरी आउट’ करतो, आणि पेशंट ‘अंडरगो’ करतो किंवा साधं ‘हॅव’, ‘शी हॅड सर्जरी’. ‘ताप’ पानावर ताप ‘येतो’ समोर ‘शी डेव्हलप्ड अ फीवर’, आणि ताप ‘उतरला’ समोर चक्क ‘द फीवर केम डाउन’, इथे जोडी जुळली. असं जुळलं की सिस्टर त्याला हिरव्या पेनाने गोल करायच्या. इंजेक्शन देणं, ‘गिव्ह ॲन इंजेक्शन’, हिरवं. टाके काढणं, ‘रिमूव्ह द स्टिचेस’, हिरवं. शपथ घेणं, ‘टेक ॲन ओथ’, दवाखान्यात लागत नाही पण त्यांना आवडलं म्हणून हिरवं. हे हिरवे गोल मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण एकदा चुका दिसायला लागल्या की माणूस सगळ्याचीच धास्ती घेतो, मराठीतून आलेलं प्रत्येक वाक्य चूकच असणार असं वाटायला लागतं, आणि मग तोंडच उघडत नाही.

रक्त काढणं मात्र लाल. सिस्टर बोलण्याच्या सरावात म्हणाल्या, ‘आय विल रिमूव्ह युवर ब्लड.’ मी पेशंट झाले होते, मला खरोखर दचकायला झालं. ‘टेक सम ब्लड’ म्हणलं की झालं. सलाईन लावणं, ‘पुट यू ऑन अ ड्रिप’. पोट साफ होणं हे तर मोठंच कोडं, ‘स्टमक क्लीन’ म्हणलं तर तिथे कुणाला काही कळणार नाही, तिथली नर्स विचारते ‘हॅव यू ओपन्ड युवर बावल्स?’, शब्दशः बघाल तर आतडी उघडली का. सिस्टर तोंडावर पदर धरून हसल्या आणि म्हणाल्या, मॅडम हे तर आपल्यापेक्षा अवघड आहे. तेव्हा मला वाटलं आता काळजी नाही, जी भाषा परकी आणि मोठी वाटत होती ती आता त्यांना दुसऱ्या माणसांची रोजची बोली वाटायला लागलीय.

‘दुखणं’ हे पान चार पानांचं झालं. यात मराठी इतकी श्रीमंत आहे की सिस्टर सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. ठणका, कळ, सणक, चमक, मुरडा, जळजळ, आग, अवघडणं, आखडणं, मुंग्या, गोळा. आणि पत्रात मात्र सगळ्याला एकच शब्द, ‘पेन’. फार तर ‘टू मच पेन’. नऊ वर्षं ज्या बाईने ठणका आणि कळ यातला फरक पेशंटच्या चेहऱ्यावरून ओळखलाय तिच्याकडे इंग्रजीत गेलं की एकच शब्द उरतो, हे मला बघवत नव्हतं. ठणकतंय ते ‘थ्रॉबिंग पेन’. सणक पायात खाली जाते ती ‘शूटिंग पेन’. पोटात मुरडा ‘क्रॅम्प्स’. जळजळ ‘बर्निंग सेन्सेशन’. सतत मंद दुखत राहतं ते ‘डल एक’. मान अवघडली ‘स्टिफ नेक’. पायाला मुंग्या आल्या ‘पिन्स अँड नीडल्स’, टाचण्या आणि सुया. घसा दुखतो तो आपल्याकडे सर्रास ‘थ्रोट पेन’, तिथे ‘सोअर थ्रोट’. आणि खूप दुखतंय हे पत्रात लिहायचं तर ‘सिव्हिअर पेन’. ‘एक’ हा इंग्रजी शब्द तर ठरावीक ठिकाणीच चिकटतो, हेडएक, टूथएक, बॅकएक, इअरएक, पण पायाला नाही चिकटत, पाय दुखतो म्हणजे ‘पेन इन माय लेग’. पुन्हा तेच, कारण विचारू नये.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. पत्रं सुधारली, तिसऱ्या महिन्यातलं पत्र मी इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीला दाखवलं तर ती म्हणाली असंच लिहितो आम्ही. मग बोलण्याचा सराव वाढवला, आणि तिथे हे प्रकरण परत अडलं.

बोलण्याच्या परीक्षेत दोन प्रसंग असतात, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे, आधी कार्ड वाचायला थोडा वेळ. समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो, तो मार्क देत नाही, रेकॉर्डिंग पुढे तपासायला जातं. मी आजी झाले, घाबरलेली, मला माझ्या पायाचं काय झालंय ते कळत नाही. आणि सिस्टर अतिशय शांतपणे, शुद्ध, एकही चूक न करता म्हणाल्या, ‘यू हॅव सस्टेन्ड अ फ्रॅक्चर अँड यू विल अंडरगो सर्जरी.’

चूक काहीच नाही. वहीत ह्याच जोड्या लिहिल्यात, मीच लिहून दिल्यात. आणि तरी मला वाटलं कोर्टाची नोटीस वाचून दाखवतायत. घाबरलेल्या म्हातारीला कुणी असं सांगतं का? तिथे ‘यूव्ह ब्रोकन युवर हिप’ आणि ‘यू नीड ॲन ऑपरेशन’ हेच म्हणायचं, आवाज खाली आणून.

मी त्या रात्री बराच वेळ वही चाळत बसले. चूक सिस्टरांची नव्हती, वहीची होती. शब्दाला जोडीदार असतो एवढंच मी शिकवलं होतं, जोडीला जागा असते हे शिकवलंच नव्हतं. मराठीत आपण हे न शिकता करतो. माणूस गेला की गल्लीत आपण म्हणतो ‘अमक्याचे वडील वारले’ किंवा नुसतं ‘गेले’. पेपरात ‘निधन झाले’. पोलिसांच्या कागदावर ‘मयत’. पत्रिकेवर ‘देवाज्ञा झाली’. सगळ्याचा अर्थ एक, पण शेजारणीला जाऊन कुणी ‘तुमचे वडील मयत झाले का’ असं विचारत नाही, विचारलं तर त्या घरात परत पाऊल ठेवता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी वहीच्या प्रत्येक पानावर उभी रेघ मारली. डावीकडे ‘कागदावर’, उजवीकडे ‘खाटेजवळ’. कागदावर ‘सस्टेन्ड अ फ्रॅक्चर’, खाटेजवळ ‘ब्रोकन युवर हिप’. कागदावर ‘मोबिलाइझिंग विथ अ वॉकिंग फ्रेम’, खाटेजवळ ‘वॉकिंग विथ युवर फ्रेम’. कागदावर ‘पूअर ॲपेटाइट’, खाटेजवळ ‘यू हॅवन्ट बीन ईटिंग मच, हॅव यू?’. लघवीचं कागदावर ‘पास युरिन’, आणि खाटेजवळ काय ते बघायला आम्ही ब्रिटनच्या एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, पेशंटसाठीची माहितीची पानं उघडली, तर तिथे लघवीला सरळ ‘पी’ आणि शौचाला ‘पू’. सिस्टरांना वाटलं ही लहान मुलांसाठीची पानं असतील. नाही, मोठ्यांसाठीचीच. एनएचएसच्या लिहिण्याच्या नियमांतच आहे की हे शब्द वापरा कारण ते सगळ्यांना कळतात. मला हे मनापासून पटतं. पेशंटला कळणं पहिलं, आपली इभ्रत नंतर.

ही पानं म्हणजे फुकटचा खजिनाच आहे. पुस्तकातल्या याद्यांपेक्षा सिस्टर यातून जास्त शिकल्या, कारण खुब्याच्या हाडाचं पान उघडलं की त्यातली प्रत्येक गोष्ट त्यांना आधीच माहीत असायची, म्हणजे डोकं अर्थात अडकत नव्हतं, सगळं लक्ष जोडीवर. रात्रपाळीत दोनच्या पुढे वॉर्ड शांत झाला की त्या एक पान वाचायच्या आणि दोन नाही तर तीन जोड्या वहीत उतरवायच्या, जास्त नाही.

आता एक भाग असा की ज्यावर आमचा वाद झाला. सिस्टर दवाखान्यात रोज जे इंग्रजी ऐकत होत्या, डॉक्टरांच्या तोंडून, एमएस सर्जनच्या तोंडून, त्यातल्याही काही जोड्या मी लाल केल्या. ‘पेशंट एक्सपायर्ड.’ ‘शिफ्ट द पेशंट टू आयसीयू.’ सिस्टर चिडल्या, म्हणाल्या इतके शिकलेले लोक चूक बोलतात का? मी म्हणलं चूक नाही बोलत, इथलं बोलतात. भारतातलं इंग्रजी स्वतःच्या पायावर उभं आहे, त्याच्या स्वतःच्या जोड्या आहेत, आणि हा अभ्यास करणारं एक मोठं काम तर आपल्या शेजारी कोल्हापुरात झालंय. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी 1978 साली छापलेल्या भारतीय इंग्रजी मजकुराचे पाचशे नमुने घेऊन दहा लाख शब्दांचा संग्रह उभा केला, 1986 मध्ये तो पुरा झाला, आणि जगभरचे अभ्यासक त्याला कोल्हापूर कॉर्पस म्हणूनच ओळखतात. अमेरिकेचा ब्राउन आणि ब्रिटनचा एलओबी हे संग्रह होतेच, त्यांच्या पंगतीला बसेल असा हा भारताचा. मिरजेहून कोल्हापूर तासा दीड तासावर, आणि आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत असतं?

तेव्हा ‘एक्सपायर्ड’ इथे लिहा, इथे कुणी अडणार नाही. पण तिथे औषधाची तारीख ‘एक्सपायर’ होते, पासपोर्ट होतो, माणूस ‘पासेस अवे’ किंवा सरळ ‘डाइज’. आणि ‘शिफ्ट’ म्हणजे तिथे तुमची पाळी, पेशंटला ‘मूव्ह’ करतात किंवा कागदावर ‘ट्रान्सफर’. आपण ज्याच्याकडे चाललोय त्याच्या कानाचा हा प्रश्न आहे, आपल्या डॉक्टरांच्या शिक्षणाचा नाही. हे पटलं. वहीत त्यासाठी त्यांनी स्वतःच तिसरा रंग काढला, निळा, म्हणजे ‘मिरजेत चालतं’.

एक जोडी मात्र आम्हाला सुटली नाही. केस नोट्समध्ये नेहमी असतं, पेशंटला सहा महिने दुखत होतं, डॉक्टरकडे गेला नाही. सिस्टर म्हणाल्या, हे म्हणजे ‘अंगावर काढलं’. आपल्याकडच्या निम्म्या बायका हेच करतात, घरचं काम, पोरांच्या परीक्षा, दुखणं अंगावर काढायचं. मी पत्रासाठी ‘डिलेड सीकिंग ट्रीटमेंट’ दिलं, जोडी बरोबर आहे, ट्रीटमेंट ‘सीक’च करतात, पण सिस्टरांचं समाधान होईना. त्यात उशीर आला, सोसणं कुठे आलं? ‘इग्नोर्ड द पेन’ बघितलं. तेही नको, कारण अंगावर काढणारा दुर्लक्ष करत नसतो, त्याला दर मिनिटाला कळत असतं. त्यांचं म्हणणं खरं होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. डावीकडे ‘डिलेड सीकिंग ट्रीटमेंट’ लिहिलं, उजवीकडची जागा तशीच मोकळी ठेवली.

पाचव्या महिन्यात परीक्षा दिली. बोलण्यात 370, लिहिण्यात 340, बाकीचे दोन आधीच्या आसपास. त्या संध्याकाळी पेढे घेऊन आल्या, सासऱ्यांना बरोबर घेऊन, आणि सासरे म्हणाले की रात्री एकटीच बडबडायची, आम्हाला वाटायचं फोन चालू आहे.

यात फक्त वहीचं श्रेय नाही हे मला माहितीय. नऊ वर्षांचं काम अंगात होतं, ऐकणं वाचणं आधीच चांगलं होतं, आणि बाईची जिद्द. ज्याच्याकडे कामाचा अनुभव नाही अशा कॉलेजच्या मुलांवर मी हीच पद्धत वापरली तर इतकं जमलं नाही, त्यांची पानं कोरीच राहिली, कारण ‘जखम’ या शब्दासमोर त्यांना मराठीतही चारच वाक्यं येत होती. त्यांना मग त्यांच्या त्यांच्या कामाचं पान लागतं, एकाला हॉटेलचं दिलं, एकीला बँकेचं, ते चाललंय अजून.

सिस्टर आता इंग्लंडमध्ये एका हॉस्पिटलच्या ऑर्थो वॉर्डातच आहेत. वही बरोबर नेलीय. तिथे गेल्यावर पहिले दोन महिने मेसेज यायचे ते नव्या जोड्यांचे, चहा ठेवणं म्हणजे ‘पुट द केटल ऑन’, असले. मग कामात बुडाल्या आणि मेसेज थांबले.

गेल्या थंडीत एका पहाटे, म्हणजे त्यांची रात्रपाळी चालू असताना, फोनवर व्हॉइस मेसेज. मागे वॉर्डातलं कुठलंतरी मशीन वाजतंय आणि सिस्टर हळू आवाजात सांगतायत. एक आजोबा ॲडमिट झाले, खुबा पार झिजलेला, बायको बरोबर. सिस्टरांनी विचारलं कधीपासून दुखतंय, तर आजोबा काही बोलेनात, आणि बायको वैतागून म्हणाली, ‘ही जस्ट पुट अप विथ इट, लव्ह. टू इयर्स, ही पुट अप विथ इट.’

‘मॅडम, सापडलं, अंगावर काढलं म्हणजे पुट अप विथ इट,’ सिस्टर म्हणाल्या. ‘तुमच्या वहीत पण लिहून ठेवा. खाटेजवळच्या बाजूला.’